वसईचे वास्तुवैभव आणि आपण

वसईचे नाव निघताच आपल्या मनात प्रथम चिमाजीअप्पा उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या ज्ञातीतील कितीएक घराण्यांचे मूळ वसई, सोपारे, आगाशी, नाळे, निर्मळ या टापूत असल्यामुळे इ. स. १७३९ च्या विजयाची कथा आपण लहानपणापासून वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो. परंतु ज्या किल्ल्यासाठी एवढे रक्त सांडले तो बांधला कसा, कोणत्या दगडाचा, कोणाच्या हातांनी, आणि त्याच्या तटाबाहेर जी गावे व घरे उभी राहिली त्यांची घडण कशी होती, याची चौकशी आपल्यापैकी फारच थोड्यांनी केली असेल. लढाईचा इतिहास आपण पाठ केला, वास्तूंचा मात्र पायांखाली तुडविला, असे म्हटले तर ज्ञातिबांधवांनी राग मानू नये. ती उणीव अंशतः तरी भरून काढावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या भूमीचा वास्तू-इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. वसईहून जवळच असलेले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखली जाणारी टेकडी खणली, तेव्हा तिच्या पोटात विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गर्भातील दगडी पेटीत सोन्याची फुले, बुद्धमूर्ती व भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे सापडले. तो ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा याच सोपाऱ्यास मिळाला, आणि इ. स. १९५६ मध्ये नवव्या लेखाचा तुकडा भुईगावास मिळाला. म्हणजे वीट भाजणारा, दगड घडविणारा व अक्षर कोरणारा कारागीर या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीही होता. शिलाहारांच्या काळी येथे दगडी देवळे झाली. त्यांतील मूर्ती व कोरीव शिळा चक्रेश्वराच्या तळ्याकाठी आजही पाहावयास मिळतात. ज्यांना मुलाबाळांसह एक दिवस काढावयाचा असेल त्यांनी त्या जरूर पाहाव्यात. तिकीट नाही, गर्दीही नाही.

मध्ययुगात हा मुलूख गुजरातच्या सुलतानांकडे गेला. खाडीच्या मुखाशी मलिक तोघान या सरदाराने केलेली तटबंदी इ. स. १५३३ मध्ये नुनो द कुन्हा याने हल्ला करून उद्ध्वस्त केली. पुढल्याच वर्षी, म्हणजे डिसेंबर १५३४ मध्ये, हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने पेचात सापडलेल्या बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना तहाने देऊन टाकला. बादशहा व सुलतान यांच्या भांडणात आपला किनारा एका सहीनिशी परक्या हाती गेला. रयतेला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याची त्या काळी पद्धतही नव्हती.

इ. स. १५३६ पासून नव्या किल्ल्याचे काम सुरू झाले. प्रथम एक लहान गढीवजा कोट बांधला गेला. सांप्रत किल्ल्यात गेल्यावर मधोमध जो आतला किल्ला लागतो तो हाच. पुढे वस्ती वाढली तशी त्याच्या सभोवार विस्तीर्ण तटबंदी फिरविण्यात आली व दहा-अकरा कोनाकृती बुरूज घालण्यात आले. हे बुरूज आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या बुरुजांसारखे वाटोळे नाहीत. तोफांचे युग सुरू झाल्यावर युरोपात जी नवी दुर्गरचना निघाली तीप्रमाणे ते टोकदार आहेत, जेणेकरून एका बुरुजावरील तोफेने शेजारच्या बुरुजाचा पायथा राखता यावा. जमिनीकडील दरवाजातून सरळ आत जाता येत नाही. वाट वळते, आणि वळणावर शत्रू अडकावा अशी योजना आहे. गोमुखी दरवाजांची ही युक्ती आपल्या दुर्गस्थपतींनाही चांगली अवगत होती. दुसरा दरवाजा खाडीकडे. तीन बाजूंना समुद्र, खाडी व दलदल असल्याने खरी भीती उत्तरेकडील जमिनीची, आणि सर्वांत भक्कम काम त्याच बाजूस केलेले आढळते.

दगडाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. रत्नागिरी व गोव्याकडे सर्वत्र तांबडा जांभा. तो खाणीतून काढताना मऊ, हवेत टणक होणारा. पण सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक कोरीव काम धरत नाही. वसईच्या परिसरात काळा पाषाण, तोच सह्याद्रीचा बसाल्ट, मुबलक. या दगडाची कीर्ती एवढी झाली की गोव्यातील मोठ्या चर्चांसाठी तो गलबतांत घालून दक्षिणेकडे नेला जाई. जुन्या गोव्याचे ‘बॉम जेझुस’ हे चर्च इ. स. १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले. त्याच्या तांबड्या जांभ्याच्या भिंतीवर जे काळे कोरीव खांब व पट्ट्या उठून दिसतात त्यांचा दगड वसईकडचा, असे मानले जाते. गोव्यास सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या इमारतीसमोर छायाचित्र काढून घेताना एवढे ध्यानात ठेवावे की दर्शनी भिंतीचा अलंकार आपल्या तालुक्यातून गेलेला आहे. लाकूड मिळविण्यासाठी पोर्तुगीजांनी इ. स. १५५६ मध्ये अशेरीगड व मनोर ताब्यात घेतले. तेथील सागवान तासून तुळया व खांब केले जात, आणि जहाजेही. आगाशी तर त्याही आधीपासून गलबते बांधण्याविषयी नावाजलेली होती. चुना शिंपल्यांचा. दगड, सागवान व चुना ही तिन्ही द्रव्ये हाताशी असलेले दुसरे बंदर या किनाऱ्यावर विरळाच.

किल्ल्यात हळूहळू एक संपूर्ण नगर वसले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांच्या साधूंनी आपापली चर्चे व मठ उभारले. सेंट जोसेफच्या मुख्य चर्चवरील शिलालेखात इ. स. १६०१ मध्ये, आलेइशु द मेनेझिस हे आर्चबिशप असताना, त्याची पुनर्बांधणी झाल्याची नोंद आहे. त्याचा मनोरा अद्याप उभा आहे, व दुरून येणाऱ्यास किल्ल्याची पहिली खूण तोच देतो. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांचे दगड फरशीसारखे बसविलेले असून त्यांवर सरदार घराण्यांची चिन्हे व नावे कोरलेली आहेत. तेथील कमानी पाहून आम्ही थक्क झालो. लाकडाचा आधार नाही, लोखंड नाही. केवळ दगड दगडावर रेलून, मधल्या कळीच्या दगडाच्या जोरावर, छप्पर नाहीसे झाल्यानंतरही कित्येक कमानी शेकडो पावसाळे उभ्या आहेत. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत खांबांच्या जोड्यांनी सजविलेली असून तीवर त्या संघाची अक्षरचिन्हे आहेत. याच नगरीत जन्मलेला गोन्सालो गार्सिया इ. स. १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे धर्मासाठी क्रूसावर मेला, व इ. स. १८६२ मध्ये त्यास संतपद मिळाले. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना त्याचा अभिमान वाटतो, तो रास्त आहे.

या नगराचे रूप कसे होते हे प्रवाशांच्या लिखाणावरून कळते. इ. स. १६७५ च्या सुमारास डॉक्टर फ्रायर हा इंग्रज येथे आला होता. त्याने दुमजली प्रशस्त घरे, छप्पर असलेले सज्जे आणि काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने बसविलेल्या मोठ्या खिडक्या यांचे वर्णन केले आहे. पातळ घासलेल्या शिंपल्यातून मोत्यासारखा मंद उजेड आत येतो व उन्हाची तिरीप अडते. काच दुर्मीळ होती तेव्हाची ही तोड किनाऱ्यावरील हवेला फार सोयीची होती. वीस वर्षांनी, इ. स. १६९५ मध्ये, जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी आला. त्याला तटाबाहेरील बागा विशेष आवडल्या. ऊस, नारळी, आंबे यांची हिरवीगार रांग मैलोगणती चालली होती असे तो सांगतो. त्या वाड्या कोणी राबविल्या हे वेगळे सांगावयास नको. किल्ल्यातील सज्जांत बसून वारा खाणारे निराळे आणि रहाट हाकणारे निराळे होते.

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो, आणि स्मरणिकांतून तो सहसा टाळला जातो. पोर्तुगीज अमलात आपल्या पूर्वजांची देवळे मोडली, धर्मांतरासाठी जुलूम झाला, कित्येक घराण्यांना गाव सोडून परागंदा व्हावे लागले. हे सर्व खरे आहे, व त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु म्हणून हे तट, ही चर्चे ‘परक्यांची’, आपला त्यांच्याशी संबंध नाही, असे म्हणणे आम्हांस पटत नाही. पोर्तुगालाहून पाथरवटांची आणि गवंड्यांची गलबते भरून आली नव्हती. आराखडा त्यांचा, हुकूम त्यांचा. पण छिन्नी चालविणारा, चुना मळणारा, तुळई खांद्यावर वाहणारा माणूस याच मातीतला होता. कोणी मजुरीने आला असेल, कोणी वेठीने धरून आणला गेला असेल. त्याचे नाव एकाही शिळेवर नाही. भाषेने मात्र त्याची आठवण ठेविली आहे. आज बांधकामावर गवंडी ज्या ‘घमेल्या’तून माल नेतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. घराची ‘चावी’ तीच, पाण्याची ‘बालदी’ तीच, आणि ‘तुरुंग’ही त्यांनीच दिला. मालक गेला, त्याचे राज्य गेले, पण कामाच्या जागेवर मजुराने उचललेला शब्द सर्व महाराष्ट्रात पसरला.

तेव्हा ‘वसई आमच्या ज्ञातीने घेतली’ असे जे प्रत्येक ज्ञातीच्या स्मरणिकेत छापले जाते (आमच्याही पूर्वीच्या अंकांतून तसे सूर निघाले असतील), त्याबरोबर ‘वसई आमच्या लोकांनी बांधली’ हेही वाक्य छापले गेले पाहिजे. घेणाऱ्यांत जसे सर्व जातींचे लोक होते तसेच बांधणाऱ्यांतही होते.

वसईच्या मोहिमेची हकीकत वाचकांस माहीत आहे, म्हणून ती आम्ही आवरती घेतो. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पुण्याकडे केलेली खटपट, इ. स. १७३७ मध्ये ठाण्याचा पाडाव, मग फेब्रुवारी १७३९ पासून वसईस वेढा. वास्तूच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की ज्या उत्तरेकडील बाजूस किल्ला सर्वांत भक्कम होता, तीच बाजू मराठ्यांना फोडावी लागली, कारण दुसरीकडून जमीनच नव्हती. वाळूत मोर्चे खणीत, तोफा पुढे सरकवीत आणि अखेरीस सुरुंग लावून त्यांनी बुरूज उडविले. कित्येक सुरुंग उलटून आपल्याच माणसांवर आले. दोन्ही बाजूंची फार मोठी हानी झाल्यावर मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती लिहून दिली. त्यांना शस्त्रांनिशी, कुटुंबांसह निघून जाण्यास मुभा देण्यात आली, व मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्मास बाध येऊ नये असेही करारात ठरले. विजयाच्या धुंदीत केलेल्या या तहाचा उदारपणा आपण लढाईच्या वर्णनाइतक्याच अभिमानाने सांगावा असे आम्हांस वाटते.

चर्चांतील घंटा मात्र सरदारांनी आपापल्या देवस्थानांस वाहिल्या. नाशकास गोदाकाठी नारोशंकराचे देऊळ आहे, त्याच्या तटावर टांगलेली प्रचंड घंटा ही त्यांतलीच. तीवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकराचीही प्रसिद्ध आहे. पंचधातूचा तो आवाज एका धर्माच्या प्रार्थनेसाठी ओतला गेला व दुसऱ्या धर्माच्या आरतीस वाजू लागला. नाशिकची ‘नारोशंकरी घंटा’ तर पुढे म्हणीसारखी झाली.

मराठ्यांनी वसईचे नाव बाजीपूर ठेविले, पण ते लोकांच्या जिभेवर रुळले नाही. किल्ल्यात त्यांनी नागेश्वराचे व वज्रेश्वरीचे देऊळ बांधले. चिमाजीअप्पांनी नवस केला होता म्हणून तानसेच्या काठी वडवलीस वज्रेश्वरीचे मोठे देवालय उभारले गेले. त्याच्या भोवतीचा दगडी कोट पाहिला म्हणजे बांधणारे नुकतेच लढाईतून आले होते हे कोणासही समजावे. सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी निर्मळच्या विमलेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तेथील तळे, पायऱ्या व दीपमाळा यांची रचना पेशवाई वळणाची आहे. कार्तिकातल्या जत्रेला आपल्यातील पुष्कळ कुटुंबे अद्याप जातात, तेव्हा हातात केळ्यांची सुकेळी घेऊन परत फिरण्यापूर्वी त्या पायऱ्यांची दगडी बांधणीही न्याहाळावी.

उलट, चर्चांची निगा राखण्याचे कोणास कारण उरले नाही. छपरांचे सागवान गेले, मग पावसाने भिंती धुतल्या. इ. स. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने तोफांनी किल्ला घेतला. सालबाईच्या तहाने तो परत मिळाला. इ. स. १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने ज्या तहावर सही केली तो याच वसईचा. ज्या ठिकाणी त्याच्या पणजोबाच्या नावाने नव्हे तर आजोबाच्या भावाच्या पराक्रमाने मराठ्यांचा दबदबा वाढला, त्याच ठिकाणी नातवाने तो गहाण टाकला. इंग्रजी अमलात किल्ला ओस पडला. तटाच्या आत उसाची लागवड झाली, साखरेचा कारखानाही निघाला. पडक्या इमारतींच्या दगडांना पाय फुटले. कोणाच्या विहिरीस, कोणाच्या जोत्यास, कोणाच्या बांधास ते लागले. पुरातत्त्व खात्याने किल्ला संरक्षित ठरविल्यावर ही लूट थांबली, परंतु तोवर बरेच काही गेले होते.

आता तटाबाहेरील घरांविषयी. हा भाग कोणत्याच इतिहासग्रंथात सविस्तर येत नाही, आणि आपल्या वाचकांचा निकटचा संबंध याच भागाशी आहे. वसईचे जुने घर वाडीत असे. पुढे झेंडा बाजार, पारनाका येथे भिंतीस भिंत लावून घरे झाली, ती व्यापारी वस्तीची. वाडीतले घर ऐसपैस. काळ्या दगडाचे जोते, पुढे ओटा, त्यावर ओटी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर व मागे पडवी. वर धान्याचा माळा. सागवानी खांब दगडी उथळ्यावर उभा, म्हणजे लाकडास ओल लागू नये. छपराचा उतार तीव्र, वळचण एवढी खाली की बाहेरच्या माणसास वाकून आत यावे लागे. पावसाळ्यातील नैर्ऋत्येचे वारे व झड भिंतीस लागू नये ही त्यातली योजना. आधी नळीची कौले होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळुरी कौलांचे कारखाने निघाल्यावर ती कौले गलबतांनी या किनाऱ्यावर येऊ लागली, आणि दरवर्षी शाकारणीचा खटाटोप कमी झाला. अंगणापलीकडे रहाटाची विहीर, आणि वाडीच्या खोलगट कोपऱ्यात बावखल. हे बावखल म्हणजे पावसाचे गोडे पाणी मुरवून ठेवणारे उघडे तळे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरी गोड राहत त्या बावखलांच्या कृपेने. वास्तुशास्त्र म्हणजे केवळ भिंती व छपरे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे ध्यानी घ्यावे, की वसईच्या घराचा अर्धा पाया त्याच्या पाण्यात होता.

रेल्वेने या रचनेस पहिला धक्का दिला. इ. स. १८६४ मध्ये लोहमार्ग खाडी ओलांडून मुंबईस जोडला गेला, पण स्टेशन जुन्या गावापासून दूर माणिकपूर-नवघरच्या बाजूस पडले. गावाचे तोंड शतकानुशतके खाडीकडे होते, ते हळूहळू रुळांकडे वळले. बंदरावरची वर्दळ ओसरली. किल्लाबंदर व पाचूबंदर ही कोळी लोकांची गावे मासेमारीवर टिकून राहिली, बाकीचे चाकरीसाठी मुंबईकडे गेले. त्यात आपणही आलो. गेल्या चाळीसएक वर्षांत चाळी, मग इमारती, मग मनोरे उठले, इ. स. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. बावखले भरली गेली. आता पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी तुंबते तेव्हा लोक नशिबास दोष देतात. त्या पाण्याची जागा आपणच विकली, हे कोणी बोलत नाही.

घर पाडू नका, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. चार भावांचे चौदा वारस झाले, लाकडास वाळवी लागली, दुरुस्तीस कारागीर मिळत नाही. या अडचणी खऱ्या आहेत, व ज्या घरात त्या आलेल्या नाहीत असे घर आमच्या पाहण्यात नाही. आमचे मागणे त्याहून लहान आहे. ज्या कुटुंबाचे जुने घर अद्याप उभे असेल त्यांनी ते विकसकाच्या हाती देण्यापूर्वी एक रविवार खर्च करावा. टेप घेऊन ओटीपासून पडवीपर्यंत मापे घ्यावीत, कागदावर साधा नकाशा काढावा, आढ्यावर वा चौकटीवर शक कोरला असेल तर तो उतरवून घ्यावा, खांब, कडीपाट, कोनाडे, जोत्याचा कोपरा यांची छायाचित्रे काढावीत. जोत्यात एखादा फार सुबक घडविलेला, बाकीच्यांशी न जुळणारा दगड दिसला तर त्याचेही निराळे छायाचित्र घ्यावे. तो कोठून आला असेल हे वाचकांनी वर वाचलेच आहे. आजीला विचारून कोणत्या खोलीस काय म्हणत, बाळंतिणीची खोली कोणती, भात कोठे साठवीत, विहिरीचा रहाट केव्हा बंद झाला, हे लिहून काढावे. मोडी कागद असतील तर ते रद्दीत घालू नयेत. मोडी वाचणारे अजून आहेत. हे सर्व मंडळाच्या कार्यालयात आणून दिल्यास त्याची एक प्रत करून मूळ कागद लगेच परत करण्याची व्यवस्था आम्ही ठेविली आहे. आतापर्यंत मोजक्याच घरांचे नकाशे जमले आहेत. त्यांपैकी काही घरे या मजकुराची जुळणी होईपर्यंत पाडली गेली.